माहेरी गेलेला आकडा

निवृत्तीच्या समारंभात आमच्या साहेबांनी मला शाल दिली, नारळ दिला आणि माइक हातात घेऊन जाहीर केलं, "शमीम मॅडम म्हणजे आपल्या संस्थेच्या आकड्यांच्या जादूगार!" टाळ्या पडल्या. मी नारळाची शेंडी बघत बसले. अठ्ठावीस वर्षं जिने तुमची माहिती राखली, तिला जाता जाता टोपीतून ससे काढणाऱ्यांत नेऊन बसवलं. माझं काम नेमकं काय आहे हे साहेबांना पहिल्या दिवशी माहीत नव्हतं आणि शेवटच्या दिवशीही नाही. मधल्या काळात त्यांनी विचारलंही नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी मात्र विचारलं, म्हणून इथे सांगते.

आमची संस्था चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या काही तालुक्यांत गरोदर बायांच्या तपासणीचं काम करते. गावोगावी संस्थेच्या नर्स आहेत, त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. सिस्टर वजन घेतात, रक्तदाब बघतात, बोटाला टोचून रक्तातलं हिमोग्लोबिन मोजतात, आणि ते सगळं चंद्रपूरच्या कार्यालयात माझ्या डेटाबेसमध्ये येऊन पडतं. नोंदणीच्या वेळी प्रत्येक बाईला एक नंबर मिळतो. ती कुठल्याही गावी तपासायला गेली तरी नंबर तोच. ही पद्धत मी बसवलेली, आणि तिचा मला अजूनही अभिमान आहे.

डेटाबेसला प्रश्न विचारायची एक भाषा असते. तिच्यात विंडो फंक्शन नावाचा एक प्रकार आहे. नावाने घाबरू नका, ही नावं ठेवणाऱ्यांना साधं काही सुचतच नाही. नुसती बेरीज किंवा सरासरी काढली की हजार बायांचा मिळून एक आकडा होतो आणि त्या हजार बाया गायब होतात. साहेब लोकांना हेच आवडतं. विंडो फंक्शनमध्ये कोणी गायब होत नाही. रेशन दुकानासमोरच्या रांगेसारखं असतं ते. प्रत्येक जण आपल्या जागी उभा, पण आपल्या पुढे कोण आहे आणि आपला नंबर कितवा, हे त्याला ठाऊक. मी डेटाबेसला सांगायची, प्रत्येक बाईची वेगळी रांग लाव, तिच्या तपासण्या तारखेप्रमाणे उभ्या कर, आणि प्रत्येक तपासणीला तिच्या आधीची तपासणी दाखव. चार ओळींचं काम.

त्या चार ओळींतून दर सोमवारी एक यादी निघायची. ज्या बाईचं हिमोग्लोबिन मागच्या तपासणीपेक्षा दोनने किंवा जास्त उतरलं, तिचं नाव, आधीचा आकडा, आताचा आकडा. मी ती लाल अक्षरात छापायची, म्हणून सिस्टर तिला लाल यादी म्हणायच्या. आमच्या भागात साडेआठ हिमोग्लोबिनच्या बाया गल्लोगल्ली आहेत. त्या तशाच धान रोवतात, तशाच कापूस वेचतात, आणि साडेआठ ऐकून कोणी दचकत नाही. पण गेल्या महिन्यात अकरा असलेली बाई या महिन्यात साडेआठवर आली, तर कुठेतरी रक्त जातं आहे. नुसत्या साडेआठवरून हे कळत नाही, मागचा आकडा शेजारी लागतो.

मग डॅशबोर्ड आला.

मोठ्या शहरातून एक तज्ज्ञ आले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की याद्या वगैरे जुन्या झाल्या, आता रंगीत स्क्रीन. साहेब खूश. त्यांना गाडीत असतो तसा काटा पाहिजे होता. मी विचारलं, काट्याने काय दाखवायचं? ते म्हणाले, "ते नंतर ठरवू, आधी काटा बसवा." तो काटा बसवायला मला तीन दिवस लागले आणि तो आजही तिथे आहे. काय मोजतो ते विचारू नका. पाहुणे आले की साहेब त्यावर बोट ठेवतात.

शेवटची सहा-सात वर्षं माझं काम भाषांतराचं होतं. डेटाबेसच्या भाषेतले माझे प्रश्न डॅशबोर्डच्या फॉर्म्युल्यांत उतरवायचे. दोन्ही भाषांत शब्द सारखे दिसतात आणि वागतात वेगळे. डेटाबेसमध्ये रांग मी लावते आणि ती मी लावली तशीच राहते. डॅशबोर्डवर बघणारा माणूस वरच्या पट्टीतून तालुका निवडतो, आणि त्याने जे निवडलं नाही ते फॉर्म्युल्याच्या दृष्टीने जगात नसतंच. याला फिल्टर म्हणतात. फॉर्म्युला बिचारा उरलेल्यांचीच रांग लावतो, त्यातलीच मागची तपासणी शोधतो, आणि सापडली नाही तर कोरी जागा दाखवून मोकळा होतो. चूक झाली असं म्हणतसुद्धा नाही.

यात गमतीही व्हायच्या. एका वर्षी चांगलं काम करणाऱ्या केंद्रांना ढाली द्यायच्या होत्या. मी क्रमांक काढले. दोन केंद्रांचं काम अगदी सारखं, म्हणून दोन्ही पहिली आणि त्यांच्यामागचं तिसरं. तालुक्याचे समन्वयक चौधरीभाऊ कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"बाई, एक नंबर दोनदा आला. दोन नंबर कुठी गेला?"

"भाऊ, पुढे दोघं उभे आहेत. त्यांच्या मागचा तिसराच ना?"

"ते समजलं मले. पण ढाल बनवून झाली ना! दोन नंबरची ढाल का मी घरी नेऊन भितीले लावू?"

हा प्रश्न साहेबांपर्यंत गेला. साहेबांनी तोडगा काढला की काम सारखं असेल तर गावाच्या पहिल्या अक्षरावरून ठरवा. मी म्हटलं, सर, हे बरोबर नाही. ते म्हणाले, स्क्रीनवर सुटसुटीत दिसतं ना? तेव्हापासून ज्यांचं गाव 'अ'ने सुरू होतं ती केंद्रं आमच्या संस्थेत फार कर्तबगार मानली जातात.

हे हसण्यावारी गेलं, आणि ते हसण्यावारी नेलं हीच माझी चूक. लाल यादीचं भाषांतर करायची पाळी आली तेव्हा मी म्हटलं, दहा दिवस द्या. तज्ज्ञ म्हणाले, दोन. शेवटी पाच मिळाले. फॉर्म्युला लिहिला आणि तपासलाही. जुनी लाल यादी एका बाजूला, स्क्रीन दुसऱ्या बाजूला, तालुक्याच्या पट्टीत 'सर्व' निवडलेलं. नावाला नाव जुळलं. मी मुद्दाम दोन सोमवार ताडून पाहिलं, एकही नाव इकडचं तिकडे नाही. तज्ज्ञांनी त्यांच्या परीने तपासलं, म्हणजे 'टेस्ट बाई एक' आणि 'टेस्ट बाई दोन' अशा दोन बाया तयार केल्या. दोघीही कुठे न जाणाऱ्या, निमूट एका जागी राहणाऱ्या बाया. स्क्रीनचं उद्घाटन झालं, आणि त्याच दिवशी पत्रक निघालं की संस्था आता पेपरलेस, लाल यादी बंद.

माझे अब्बा घुग्घुसला ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे. कोळशाच्या गाड्यांची रांग लागलेली असायची, ड्रायव्हर घाईत असायचे. कोणी म्हणालं की दहा चाकी आहे, नेहमीच्याच मापाची शिवून ठेवा, तर अब्बा टेप घेऊन उठायचे आणि गाडीपाशी जायचे. कंपनी एक, मॉडेल एक, तरी प्रत्येक मालकाने डाला, म्हणजे मागचा हौदा, वेगळा बांधून घेतलेला असतो, हे त्यांना माहीत होतं. मी त्यांची मुलगी. पण तालुक्याचा समन्वयक सकाळी स्क्रीन उघडून पट्टीत काय निवडतो, हे मी गाडीपाशी जाऊन पाहिलं नाही.

स्क्रीन सुरू होऊन सात आठवडे झाले असतील. सकाळी अकराला गेडाम सिस्टरचा फोन आला. गेडाम सिस्टर एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या खाणीकडच्या रस्त्यावरच्या एका गावी. पंचवीस वर्षांची नोकरी, आणि जीभ अशी की समन्वयकसुद्धा तिच्या केंद्रावर जायचं टाळतात. रेंजसाठी ती रस्त्यावर येऊन बोलायची, त्यामुळे तिच्या प्रत्येक वाक्यामागे खनिजाच्या ट्रकांचा आवाज असायचा.

"बाई, तुमची लाल यादी काऊन बंद केली?"

"आता सगळं स्क्रीनवर आहे ना सिस्टर. टॅब दिला की तुम्हाला."

"टॅब हाय. टॅबवर सुनंदा पिवळी हाय, आन् माह्या समोर पांढरीफटक बसून हाय. जिभेले रंग नाई तिच्या. दोन पायऱ्या चढली तं दम लागून राह्यला. साडेआठ आलं तिचं. आधी किती होतं, तेवढं सांगा मले."

"तिचं कार्ड बघा ना."

"कार्ड सासरी राह्यलं, सावलीले. पेटीत."

लाल म्हणजे आमच्या स्क्रीनवर 'लगेच बघा', पिवळा म्हणजे 'लक्ष ठेवा'. अर्ध्या बाया पिवळ्या असतात, त्यामुळे पिवळ्यासाठी कोणी खुर्चीतून उठत नाही. मी स्क्रीन उघडली, तालुका एटापल्ली निवडला, सुनंदाचं नाव काढलं. आताची तपासणी साडेआठ. मागची तपासणी, कोरी.

"पहिलीच तपासणी आहे तिची," मी म्हणाले.

"पहिली?"

"स्क्रीनवर तसंच आहे, सिस्टर."

हे वाक्य मी बोलले. साहेबांचं वाक्य, तज्ज्ञांचं वाक्य, ज्या वाक्याला मी आयुष्यभर नाकं मुरडली ते वाक्य, माझ्याच तोंडून. पलीकडे एक ट्रक गेला.

"सातवा सरून आठवा लागला, आन् पहिलीच? माहेरी आली हाय ते. बाप इथल्या आश्रमशाळेत सैपाकी हाय तिचा. बाई, तुमी बाळंतपणाले कुठी गेल्या होत्या?"

"घुग्घुसला. अम्मीकडे."

"मंग?"

सातवा महिना लागला की पोरगी माहेरी जाते. हिंदूंत जाते, आमच्यात जाते, गोंडांत जाते. मी स्वतः दोन्ही वेळा गेले, पोटावरून ओढणी घेऊन, चंद्रपूरहून घुग्घुसच्या बसमध्ये बसून. सासरच्या तालुक्यात सहा महिने तपासण्या, मग माहेरच्या तालुक्यात. आणि पट्टीत माहेरचा तालुका निवडला की सासरच्या सगळ्या तपासण्या फॉर्म्युल्याच्या जगातून नाहीशा. जिला सगळ्यात जास्त जपायचं, त्या शेवटच्या महिन्यांत, आमच्या स्क्रीनवर प्रत्येक माहेरवाशीण नवीकोरी बाई होऊन यायची.

मी स्क्रीन बंद केली आणि डेटाबेसला माझा जुना प्रश्न विचारला, चार ओळींचा. सुनंदाच्या चार तपासण्या रांगेने उभ्या राहिल्या. सावली तालुक्याच्या तीन, एटापल्लीची एक. सावलीची शेवटची, महिन्यापूर्वीची.

"सिस्टर, अकरा पॉइंट दोन होतं."

"अरे देवा," सिस्टर म्हणाली, आणि मग फोन कानाला तसाच ठेवून कोणावर तरी ओरडली, "सुनंदे, खरं सांग मले, अंगावर जाऊन राह्यलं का काही?"

चार दिवसांपासून जात होतं. थोडं थोडं. पहिलीच वेळ, तिला वाटलं असंच असतं. आईला सांगायची लाज वाटली.

गाडी आली. ती खनिजाच्या ट्रकांमागे अडकत अडकत जिल्ह्याच्या ठिकाणी पोचली, आणि सिस्टर संपूर्ण रस्ताभर मला फोन करून ट्रकवाल्यांना शिव्या देत होती, जणू मीच त्यांना थांबवणार होते. मी फोन ठेवला नाही. रक्त चढवलं, ऑपरेशन झालं, मुलगी झाली. मुलगी फार हलकी होती, पण जगली. दोघी जगल्या. आता ही मुलगी अंगणवाडीत जाते म्हणे, आणि मास्तरीणबाईंना फार त्रास देते. गेडाम सिस्टर हे मोठ्या कौतुकाने सांगते.

इथे थांबता आलं असतं तर मी शाल-नारळ आनंदाने मिरवले असते. पण त्याच दुपारी मी गेल्या सात आठवड्यांची जुनी यादी काढली आणि एकेक तालुका निवडून स्क्रीनशी ताडली. स्क्रीनवर लाल न झालेल्या तेवीस बाया निघाल्या. मी तेवीस फोन लावले. बहुतेक सिस्टर म्हणाल्या, बरं झालं बाई, आजच जाते. एक सिस्टर हळूच म्हणाली, "बाई, वनिताची तं तेरवी होऊन गेली."

बाळंतपणात गेली. आधीचं साडेदहा, मग आठ. स्क्रीनवर पिवळी, मागची तपासणी कोरी. लाल यादी मिळाली असती तर ती वाचली असती का, हे मला कोणी सांगू शकत नाही. पण यादी तिच्या सिस्टरपर्यंत गेली नाही आणि ज्या फॉर्म्युल्याने तिचं नाव खाल्लं तो मी लिहिला होता, एवढं पक्कं. मी त्या दिवशी टेबलावर डोकं ठेवून रडले. साहेबांच्या शिपायाने पाणी आणून दिलं आणि दार लोटून घेतलं.

मग बैठक झाली. तज्ज्ञ मोठ्या शहरातून पडद्यावर हजर होते. ते म्हणाले, यात फॉर्म्युल्याचा दोष नाही, वापरणाऱ्याने 'सर्व तालुके' निवडायला हवं होतं. चौधरीभाऊ म्हणाले, "मी माह्या तालुक्याचा माणूस, सर्व तालुके पाहून मी का करू?" आणि ते बरोबरच बोलले. साहेबांनी टिपणात लिहून घेतलं, 'फिल्टरविषयक तांत्रिक अडचण, निराकरण सुरू'. मग त्यांनी विचारलं की पिवळ्या रंगाऐवजी केशरी घेतला तर लक्ष जास्त जाईल का, आणि बैठकीची पुढची वीस मिनिटं केशरी रंगात गेली. त्या खोलीत अकरा माणसं होती. मी एकेकाकडे बघत होते. सगळ्यांचे जन्म आजोळचे. कोणाचं वरोरा, कोणाचं ब्रह्मपुरी, कोणाचं थेट सिरोंचा. आणि आम्हा अकरा जणांना मिळून पाच दिवसांत, सात आठवड्यांत, एकदाही आपली आई आठवली नव्हती. वनिताचं नाव टिपणात आलं नाही. मी दोनदा सांगितलं, तरी आलं नाही.

दुरुस्ती एका ओळीची होती. मागची तपासणी शोधताना तालुक्याचं काही ऐकू नकोस, बाईचा नंबर धर, असं फॉर्म्युल्याला सांगणारी ओळ. फॉर्म्युल्यात आपल्यासाठी टीप लिहायची सोय असते, ती यंत्र वाचत नाही. त्या ओळीच्या वर मी टीप लिहिली. पत्रक असूनही लाल यादी पुन्हा सुरू केली, दर सोमवारी, माझ्या निवृत्तीच्या सोमवारपर्यंत. साहेबांना ती दिसली नाही, कारण ती कागदावर होती आणि कागद ते बघत नाहीत.

गेल्या महिन्यात फोन आला. माझ्या जागी आता एक कंपनी काम बघते, तिचा नागपूरचा इंजिनियर. बोलायला चांगला.

"मॅडम, एक ओळ आहे तुमची. तिच्यामुळे स्क्रीन उघडायले चार सेकंद जास्त लागतात. साहेब म्हणून राह्यले का स्लो आहे, काढून टाका. पण वर टीप आहे, 'वनिता. ही ओळ काढू नये.' ही वनिता म्हणजे आधीची डेव्हलपर काय? तिचा नंबर आहे का तुमच्याकडे?"

मी म्हटलं, "भाऊ, लग्न झालं का तुमचं?"

"हो. मुलगा आहे ना, दोन वर्षांचा."

"बायको बाळंतपणाला कुठे गेली होती?"

"माहेरी. पवनीले. काऊन?"

मग मी त्याला वनिता कोण ते सांगितलं. सासर कुठलं, माहेर कुठलं, आधीचा आकडा, नंतरचा आकडा.

"राहू देतो मॅडम," तो म्हणाला. "पण साहेबांले का सांगू?"

"सांगा, चार सेकंद त्यांना फार होत असतील तर मला फोन करा म्हणावं. नंबर तोच आहे."

अजून तरी साहेबांचा फोन आलेला नाही.